आधी फटी बुजवा, मग हीटरकडे वळा

स्वतः बांधलेलं विमान म्हटलं की मराठी वाचकाला कांदिवलीची गच्ची आठवते. कॅप्टन अमोल यादव यांनी तिथे उभं केलेलं सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात मुंबईकरांनी डोळे भरून पाहिलं. आपल्याकडे अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी. अमेरिकेत मात्र हा चांगला रुळलेला छंद आहे. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला मुख्यालय असलेली ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ १९५३पासून हौशी बांधणाऱ्यांना एकत्र आणते आहे. ऑरेगनच्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’च्या किटमधून बांधलेली आरव्ही मालिकेतली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. मिशिगन, मिनेसोटा किंवा ऑन्टॅरिओत राहणारा एखादा मराठी इंजिनिअर गॅरेजमध्ये रिव्हेट मारत बसला असेल, तर हा लेख त्याच्यासाठी आहे. हौसेनं किंवा भीडेखातर त्याच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या घरच्यांसाठीही आहे.

विमान बांधताना सगळं लक्ष इंजिन, पंख, पॅनल आणि रंगाकडे असतं. केबिनचा हीटर यादीत तळाशी राहतो. किटमध्ये जो आला तो बसवायचा आणि पुढे जायचं. पहिल्या हिवाळ्यात मग पायांची बोटं बधिर होतात, मानेवर बोचरा वारा लागतो, आणि मंडळी मोठा हीटर शोधायला लागतात. बहुतेकदा हीटरचा दोष नसतो. ऊब येते, पण ती टिकत नाही, किंवा हवी तिथे पोचत नाही.

गारठा किती, ऊब किती

प्रमाण वातावरणात दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअसनं उतरतं. समुद्रसपाटीला १५ अंश धरले, तर आठ हजार फुटांवर उणे एक. जानेवारीत ऑशकॉशला जमिनीवर उणे पाच असेल, तर साडेसहा हजार फुटांवर उणे पंधरा-सोळाचा अंदाज ठेवावा. कधी वरची हवा जमिनीपेक्षा उबदार निघते, पण त्या भरवशावर कोणी घराबाहेर पडू नये. भोवती पत्रा, डोक्यावर ॲक्रिलिकची पातळ कॅनॉपी आणि बाहेर ताशी तीनशे किलोमीटरचा वारा, असा हा मामला आहे.

आता हीटरकडे काय शिल्लक असते ते पाहू. हीटरची हवा साधारण पाच सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून येते. ती सेकंदाला दहा मीटर वेगानं वाहते आणि तिचं तापमान बाहेरच्यापेक्षा साठ अंशांनी चढतं असं धरू. हिशेब केला तर हाती येते सुमारे बाराशे वॉटची ऊब. ऐकायला पुष्कळ वाटते. पण उणे पंधराची हवा पंचेचाळीसला नेली आणि केबिन पंधरा अंशांवर राखायची ठरवली, तर ती हवा बाहेर पडताना निम्मी ऊब स्वतःबरोबर घेऊन जाते. उरले सहाशे वॉट.

आता दहा चौरस सेंटीमीटरची एक फट घ्या, म्हणजे काडेपेटीच्या छापाच्या बाजूपेक्षाही लहान. तिच्यातून त्याच वेगानं गार हवा आत आली, तर ती पंधरा अंशांपर्यंत तापवायला तीनशे वॉट लागतात. अशा दोन फटी असल्या की उरलेली सगळी ऊब गेली. हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक विमानात ते बदलतील, पण त्यांचं आपापसातलं प्रमाण बदलणार नाही. म्हणून पहिला शनिवार-रविवार फटींना द्यायचा.

वारा येतो कुठून?

वारा समोरून घुसतो असं आपण गृहीत धरतो. बऱ्याच विमानांत तो मागून येतो. उडताना कॅनॉपीच्या वरच्या फुगीर भागावर हवेचा दाब कमी असतो. कॅनॉपीच्या कडांतून केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला शेपटीकडची हवा पुढे सरकते. सरकत्या कॅनॉपीच्या आरव्ही-६ किंवा आरव्ही-७मध्ये मानेवर गार झोत येतो तो यामुळे.

दुसरी वाट पंखांतून आहे. एलेरॉनच्या फटींतून हवा पंखात शिरते आणि पुशरॉडच्या भोकांतून सीटखाली उतरते. फ्लॅपच्या दांड्यांची भोकं, सामानाच्या कप्प्यामागचा पत्रा, बंद करूनही गळणारी ताज्या हवेची झडप आणि फायरवॉलमधून येणाऱ्या वायरी व केबलींच्या बाजूच्या चिरा, ही पुढची संशयित ठिकाणं.

फटी शोधायला फार सामान लागत नाही. रात्री हँगरचे दिवे बंद करा, केबिनमध्ये प्रखर दिवा ठेवा आणि बाहेरून विमानाभोवती एक फेरी मारा. उजेडाची प्रत्येक रेघ खडूनं खुणावून ठेवा. मग एका उड्डाणासाठी बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीनं संशयाच्या जागी लावा, म्हणजे कॅनॉपीची मागची कड, सामानाच्या कप्प्याचे कोपरे आणि सीटच्या बाजू. स्टिक, पेडल किंवा थ्रॉटलच्या आसपास एकही धागा नको. सोबत एखादा जाणता मित्र असावा. विमान तुम्ही चालवा आणि धागे कुठल्या बाजूला लोळतात हे त्याला टिपू द्या. धागा केबिनकडे ताणलेला असेल तर तिथून हवा आत येते आहे, कडेला चिकटला असेल तर तिथून बाहेर जाते आहे. धूर सोडून पाहण्याचा मोह झाला तरी उडत्या विमानात उदबत्ती पेटवू नका. ती हँगरमध्येच बरी.

आत येणाऱ्या वाटा आधी बंद करा. पुशरॉडच्या भोकांना कापडी किंवा पातळ चामड्याच्या बाह्या शिवून घेता येतात. कप्प्यामागच्या पत्र्याच्या कडांना फेल्टची पट्टी, कॅनॉपीच्या मागच्या कडेला रबरी पट्टी आणि ताज्या हवेच्या झडपेला हिवाळ्यापुरतं फोमचं बूच पुरतं. बूच मात्र एकाच बाजूच्या झडपेला आणि आतून ओढून काढता येईल असंच लावा. त्याचं कारण पुढे येईल. प्रत्येक बदलानंतर स्टिक चारही दिशांना शेवटपर्यंत आणि फ्लॅप पूर्ण खाली-वर करून पाहायचे. जराही अडकलं किंवा घासलं तर ती बाही उसवून पुन्हा करा. थोडी थंडी सोसता येते, अडकलेलं नियंत्रण सोसता येत नाही.

जुन्या हवेला वाट द्या

फटी बुजवण्याच्या भरात काही जण केबिन इतकी घट्ट बंद करतात की हीटरची हवाच आत येईनाशी होते. आतली हवा बाहेर पडल्याशिवाय नवी आत शिरत नाही. म्हणून बाहेर जाण्याची एक वाट ठरवून उघडी ठेवावी, आणि तीही अशा जागी की गरम हवा माणसांच्या अंगावरून फिरून मगच बाहेर पडेल. पायांपाशी शिरलेली हवा सीटच्या मागून, खालच्या बाजूनं बाहेर गेली तर उत्तम. सरकत्या कॅनॉपीत वरच्या कडा हवा बाहेर ओढतच असतात. तिथे मागची कड नीट बंद करून पुढची थोडी सैल ठेवली, तरी फरक जाणवतो.

पोटाखाली बाहेरची वाट काढताना एक्झॉस्टच्या नळ्या कुठे उघडतात ते पाहा. दाबाचं गणित चुकलं तर ज्या भोकातून हवा बाहेर जायची, त्यातूनच एक्झॉस्टचा वायू आत येतो. असा कोणताही बदल केल्यावर पहिलं उड्डाण कार्बन मोनॉक्साइडच्या मीटरवर डोळा ठेवून करायचं.

हीटरचं पोट

लायकॉमिंगसारखी हवेनं थंड होणारी इंजिनं असलेल्या विमानांत ऊब येते एक्झॉस्टच्या नळीतून. जुन्या वाड्यातला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना रचना लगेच कळेल. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी. इथे मधल्या नळीतून सातशे-आठशे अंशांचा एक्झॉस्ट वाहतो आणि भोवतीच्या पत्र्याच्या वेष्टनातून, म्हणजे हीट मफमधून, बाहेरची स्वच्छ हवा जाते. ती तापून नारिंगी स्कॅट नळीतून फायरवॉलवरच्या हीटर बॉक्समध्ये येते आणि तिथला व्हॉल्व्ह उघडला की केबिनमध्ये शिरते.

ऊब कमी वाटली तर क्रमानं पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे मफ आणि नळ्यांची गळती. काउलिंगच्या आत सैल क्लँप किंवा फाटकी नळी असली तर तापलेली हवा वाटेतच सांडते. स्कॅट नळी सुमारे २६० अंशांपर्यंत टिकते. एक्झॉस्टला टेकलेली नळी जळून भोक पडणं ही नेहमीची तक्रार आहे.

दुसरी, हवेचा वेग. मफमधून हवा भरधाव गेली तर तिला तापायला वेळच मिळत नाही. आत येणारी वाट थोडी आवळली की हवा कमी येते, पण जास्त गरम येते. एकूण ऊब त्यानं वाढत नाही, पायाला लागणारा झोत मात्र कोमटऐवजी गरम होतो. पत्र्याची छोटी चकती लावून हा प्रयोग सहज करता येतो.

तिसरी, मफच्या आतला पृष्ठभाग. बरेच बांधणारे मफच्या आत एक्झॉस्टच्या नळीभोवती स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगा गुंडाळतात. हवा त्यांच्यावर आपटून घुसळते आणि जास्त तापते. भांडी घासायची तारेची घासणी तिथे कोंबण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कानाआड करा. साधी तार गंजते, तिचे तुकडे सुटतात आणि नळीला गेलेली चीर झाकली जाते.

चौथी, दुसरा मफ. एका मफमधून निघालेली हवा दुसऱ्या बाजूच्या मफमधून फिरवली तर ती अधिक तापून येते. फायदा चांगला, पण नळ्या आणि सांधे दुप्पट, आणि तपासणीही दुप्पट.

एक पथ्य सगळ्यांनाच लागू आहे. हीटर बंद केल्यावर मफमधली हवा कोंडायची नाही, ती बाहेर सोडली गेली पाहिजे. चांगला व्हॉल्व्ह केबिनकडची वाट बंद करताना काउलिंगमधली वाट उघडतो. हवा अडकली तर मफ, नळी आणि आतला एक्झॉस्टचा भाग अवाजवी तापतो. त्याची किंमत चिरांच्या रूपानं पुढच्या हिवाळ्यात मोजावी लागते.

फायरवॉलचं भोक

फायरवॉल स्टेनलेस स्टीलची असते, कारण इंजिनाकडे आग लागली तर ती केबिनमध्ये शिरू नये. विमानक्षेत्रात ‘फायरप्रूफ’ म्हणवून घ्यायला सुमारे १,१०० अंशांची ज्वाळा पंधरा मिनिटं सोसावी लागते. हीटरसाठी त्याच भिंतीला आपण मोठं भोक पाडतो आणि त्यावर बॉक्स बसवतो. तो बॉक्स ॲल्युमिनियमचा असेल तर ६६० अंशांना वितळेल. मग भिंत कितीही भक्कम असली तरी उपयोग नाही. म्हणून बॉक्स आणि त्याची झडप स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. जास्त खर्च झाला तरी इथे हात आखडू नये.

केबिनच्या बाजूनं फायरवॉलला फोम किंवा गालिचा चिकटवण्याची पद्धतही धोक्याची आहे. पलीकडे आग लागली तर तापलेल्या पत्र्यामुळे अलीकडचा फोम पेटतो आणि धूर थेट तोंडावर येतो. उष्णतारोधक थर इंजिनाच्या बाजूला, सिरॅमिक कापडाचा आणि वरून स्टीलच्या पातळ पत्र्यानं झाकलेला असावा. केबिनमध्ये लावायच्या कुठल्याही सामानाचा तुकडा आधी बाहेर, मोकळ्यावर, चिमट्यात धरून टॉर्चच्या ज्वाळेत पाहा. ज्वाळा बाजूला घेतल्यावरही तो जळत राहिला, गळला किंवा काळा धूर ओकला, तर त्याला विमानात जागा नाही.

उजवी पोटरी भाजते, डावा पाय गारठतो

बहुतेक किटमध्ये हीटरची हवा फायरवॉलच्या मध्यावर एकाच भोकातून येते. परिणामी एकाची पोटरी भाजते आणि दुसऱ्याच्या पायाला वाराही लागत नाही. भोकासमोर दोन बोटं अंतर ठेवून वाकवलेला पत्रा बसवला की झोत दोन्ही बाजूंना फुटतो. इतक्या साध्या कामानं अनेकांची निम्मी तक्रार मिटते. पेडलच्या हालचालीत तो पत्रा येणार नाही एवढं पाहावं.

आरव्ही-८सारख्या पुढे-मागे बसायच्या विमानात मागचा माणूस कुडकुडतो आणि पुढच्याला पत्ताही नसतो. मागच्यासाठी वेगळी नळी काढावी आणि ती वाटेत उष्णतारोधक कापडात गुंडाळावी, नाहीतर पोचेपर्यंत हवा गार होते. चार आसनांच्या आरव्ही-१०मध्ये मागच्या सीटची नळी मधल्या बोगद्यातून जाते. तिथली उलटी तक्रार म्हणजे बोगदा तापतो आणि उन्हाळ्यातही मांडीला चटके बसतात. नळीच्या सांध्यांची गळती आणि बंद असताना पूर्ण न मिटणारा व्हॉल्व्ह ही त्याची दोन मुख्य कारणं. उन्हाळ्यात मफकडे जाणारी नळी काढून ठेवावी, पण मफची दोन्ही तोंडं उघडी राहतील याची खात्री करून.

काचेवरची वाफ हा वेगळा त्रास. गार विमानात दोन माणसं बसून कॅनॉपी लावतात आणि दोन मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं. संगणकात असतात तसे दोन छोटे पंखे डॅशबोर्डवर, काचेकडे तोंड करून बसवले तर वाफ धरत नाही आणि वीजही नगण्य लागते. टॅक्सी करताना कॅनॉपी किंचित उघडी ठेवणंही उपयोगी, पण मागून वारा असेल तर त्याच फटीतून एक्झॉस्ट आत येतो हे ध्यानात असू द्या.

विजेची, तेलाची आणि पाण्याची ऊब

विजेच्या कॉइलनं केबिन तापवावी का? वर काढलेले बाराशे वॉट चौदा व्होल्टवर घ्यायचे तर ८५ अँपिअर लागतील. साठ अँपिअरच्या अल्टरनेटरला ते झेपणार नाही. हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं. सीटमधली तापणारी गादी साधारण पन्नास वॉटची असते, म्हणजे दोघांसाठी सात अँपिअर. पाठ आणि मांड्या उबदार राहिल्या की केबिन दहा अंशांवरही सुसह्य वाटते. फ्यूज वेगळा हवा, वायर पुरेशी जाड हवी, आणि अल्टरनेटर गेला तर सर्वांत आधी बंद करायच्या गोष्टींत गादी हवी.

रोटॅक्स ९१२ इंजिनाच्या सिलिंडरची डोकी कूलंटनं थंड होतात. त्यामुळे मोटारीतल्यासारखा छोटा रेडिएटर केबिनमध्ये बसवता येतो. या उबेचा एक्झॉस्टशी संबंध नाही, हा मोठा फायदा. मात्र थर्मोस्टॅट नसेल तर हिवाळ्यात कूलंटच गार राहतं आणि हीटर नावापुरता उरतो. गळती झाली तर गोडसर वास येतो आणि काचेवर चिकट वाफ धरते. तेव्हा कूलंट तोडायची झडप हाताशी असावी.

बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझेडसारख्या विमानांत इंजिन मागे आणि माणसं पुढे असतात. एक्झॉस्टची ऊब पुढे आणणं अवघड, म्हणून काहींनी इंजिनाचं गरम तेल पुढे नेऊन छोट्या कूलरमधून हवा तापवली. चालतं, पण तापलेल्या तेलाची लांब नळी माणसांच्या शेजारून जाते. नळ्या आणि जोड विमानाच्या दर्जाचेच हवेत, आणि दर वर्षी त्यांच्यावरून हात फिरवून पाहायला हवा.

उबेबरोबर येणारं विष

एक्झॉस्टवर तापणाऱ्या हीटरला एक अट कायमची जोडलेली आहे. मफच्या आत नळीला चीर गेली, तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या पायाशी येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतं. उंचीवर ऑक्सिजन आधीच कमी, त्यात हे. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस म्हणतो, ‘सकाळी लवकर उठलो ना, म्हणून असेल.’

२१ जानेवारी २०१९च्या रात्री फ्रान्सच्या नाँतहून वेल्समधल्या कार्डिफला निघालेलं एक इंजिनाचं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. त्यात फुटबॉलपटू एमिलियानो साला होता. ब्रिटनच्या तपास यंत्रणेला त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडनं बांधलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ५८ टक्के सापडलं. वैमानिकावरही त्याच वायूचा परिणाम झाला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. ते विमान घरी बांधलेलं नव्हतं, कारखान्यातून आलेलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं १९८२ ते २०२० या काळातले असे ३१ अपघात मोजले. त्यांतले २३ जीवघेणे होते आणि ४२ माणसं गेली. ३१ पैकी एकाच विमानात कार्बन मोनॉक्साइडचा शोधक सापडला, आणि तोही आवाज किंवा दिव्यानं सावध न करणारा.

म्हणून मीटर इलेक्ट्रॉनिक घ्या, आकडा दाखवणारा आणि मोठ्यानं ओरडणारा. रंग बदलणारी स्वस्त चकती काही महिन्यांत निकामी होते, आणि तिच्याकडे पाहायचं सुचलं तरच ती उपयोगी. घरातला अलार्मही पुरत नाही. प्रमाणानुसार तो ७० पीपीएमला एक ते चार तासांत वाजला तरी चालतो. तोवर तुमची टाकी रिकामी झालेली असेल. मीटर नजरेच्या टप्प्यात लावा आणि तुमच्या विमानाचा नेहमीचा आकडा ओळखून ठेवा. टॅक्सीत तो थोडा वर जाईल, वर गेल्यावर उतरायला हवा. समतल उड्डाणात तो चढत राहिला तर कारण शोधा. कारखान्यातून येणाऱ्या विमानांना घालून दिलेली मर्यादा ५० पीपीएम आहे. तुमच्या विमानातही तोच आकडा शेवटची रेषा माना.

ती ओलांडली तर हीटर बंद, ताज्या हवेच्या सगळ्या झडपा उघड्या, मघाचं बूच ओढून बाहेर, ऑक्सिजन असेल तर नाकाला, आणि जवळच्या धावपट्टीकडे. नियंत्रण कक्षाला काय झालंय ते स्पष्ट सांगा. उतरल्यावर बरं वाटलं म्हणून पुन्हा उडू नका. साध्या हवेत श्वास घेताना रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. डॉक्टरकडे जा आणि रक्त तपासून घ्या.

चीर आधीच पकडण्याची पद्धत सोपी आहे. वार्षिक तपासणीत मफ पूर्ण उतरवा. इंजिन गार हवं, मॅग्नेटो बंद हवेत. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू चिंधी गुंडाळून एक्झॉस्टच्या टोकाला लावा, तो चालू करा आणि सगळ्या नळ्यांवर, वेल्डिंगवर, वळणांवर साबणाचं पाणी फवारा. सरकत्या सांध्यांवर थोडे बुडबुडे येणारच. वेल्डिंगवर किंवा अखंड नळीवर एकही बुडबुडा चालणार नाही. मफच्या आत सांधा येणार नाही अशीच रचना मुळात हवी. अमेरिकेत विमानाचा मुख्य भाग स्वतः बांधणाऱ्याला ही वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा परवाना मिळू शकतो. ती मोकळीक घेतली की मफ उतरवण्याचा कंटाळा करून चालत नाही.

माणसांची तयारी

वैमानिकानं आणि सोबत्यांनी कपडे हीटरच्या भरवशावर निवडू नयेत. विमान बर्फातल्या शेतात उतरवावं लागलं तर मदत येईपर्यंत ज्यात राहता येईल, असेच कपडे हवेत. लोकरीचे थर चांगले, कारण लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि आगीत नायलॉनसारखी वितळून अंगाला चिकटत नाही. मोजे लोकरीचे, बूट सैल. घट्ट बुटांत दोन जोड मोजे कोंबले तर पाय उलट गारठतात. बटणं आणि टचस्क्रीन चालतील असे पातळ हातमोजे घ्या. हेडसेटच्या खाली जाड टोपी घातली की आवाजाची गळती होते, म्हणून टोपीही पातळच.

पुण्याहून आई-बाबा आले आणि त्यांना फिरवून आणायचं असेल, तर शाल घरी ठेवायला सांगा आणि जॅकेट द्या. बऱ्याच दोन आसनी विमानांत स्टिक दोन गुडघ्यांच्या मध्ये असते. शालीचा किंवा साडीचा पदर तिथे अडकायला वेळ लागत नाही. सोबत्याच्या बाजूची स्टिक काढता येत असेल तर काढून ठेवा. थंडीत लघवीही लवकर लागते. उड्डाणाआधीचा चहा अर्धा कपच बरा, आणि पहिली फेरी अर्ध्या तासाची. मुलं आणि म्हातारी माणसं त्रास सांगायला संकोचतात, तेव्हा दर दहा मिनिटांनी तुम्हीच विचारा. कोणी पेंगायला लागलं तर थंडीला किंवा वयाला दोष देण्याआधी मीटर बघा.

कामाचा क्रम

१. सप्टेंबरमध्ये मफ उतरवून एक्झॉस्टची साबण-पाण्याची तपासणी. चीर मिळाली तर बाकी सगळं थांबवून आधी ती दुरुस्ती.

२. आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर. विमानात आधीच असेल तर त्याची बॅटरी आणि मुदत.

३. उजेड आणि लोकरीच्या धाग्यांनी फटींचा शोध. शेपटीकडून आणि पंखातून येणाऱ्या वाटा आधी बंद, नियंत्रणांची हालचाल लगेच तपासून.

४. हवा बाहेर जायची एक नक्की वाट.

५. हीटरच्या तोंडाशी झोत विभागणारा पत्रा.

६. ॲल्युमिनियमचा हीटर बॉक्स असेल तर त्याऐवजी स्टेनलेसचा.

७. एवढं करूनही ऊब कमी पडली तरच स्प्रिंगा, दुसरा मफ किंवा तापणाऱ्या गाद्या.

एका वेळी एकच बदल करा आणि तो लॉगबुकात लिहा. तीन थर्मामीटर पुरतात. एक बाहेरचा, एक पायाशी, एक खांद्याच्या उंचीवर. प्रत्येक बदलानंतर त्याच उंचीवर, त्याच वेगानं वीस मिनिटं उडून तिन्ही आकडे आणि मीटरचा आकडा टिपा. ऊन असलेल्या दुपारी कॅनॉपीतून बरीच ऊब फुकट मिळते, त्यामुळे दुपारच्या आकड्यांची ढगाळ सकाळच्या आकड्यांशी तुलना करू नका. हिवाळ्यातली पहिली दोन-तीन उड्डाणं या नोंदींसाठी ठेवा, धावपट्टीच्या आसपास आणि घरच्यांना न घेता. पाय आणि खांदा यांच्या तापमानातला फरक पाच अंशांच्या आत आला आणि मीटर आपल्या नेहमीच्या आकड्यावर स्थिर राहिला, की शेजारची सीट घरच्यांना द्यायला हरकत नाही.